६०० साइजचं हेली स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

नमस्कार दादा,
मी कुर्टी-फोंड्याचा, वेर्ण्याला एका कंपनीत कामाला आहे. चवथीचा बोनस हातात आलाय आणि डोक्यात एकच किडा, रिमोटचं हेलिकॉप्टर. आजवर फक्त जत्रेच्या फेरीतलं ते दोन पंख्यांचं खेळणं उडवलंय, ते मस्त उडायचं, आता खरं घ्यायचंय. बजेट तीस हजार. मडगावचा एकजण त्याचं ६०० साइजचं हेली रिमोट आणि चार्जरसकट अठ्ठावीसला देतोय, म्हणतो मोठं ते स्टेबल असतं, शिकायला सोपं. ऑफिसातला मित्र म्हणतो ४५० घे, सगळे तिथूनच सुरू करतात. आई म्हणते काय पण घे, घरात उडवायचं नाही. जागा म्हणशील तर फर्मागुढी जवळ आहे आणि रविवारी मित्रांबरोबर मिरामार बीच. मडगाववाल्याला या रविवारपर्यंत सांगायचंय. कुठली साइज घेऊ?
– एक वाचक, कुर्टी

अरे बाबा, आधी ती रविवारची घाई डोक्यातून काढ. सेकंडहँड ६०० घ्यायला गोव्यात कोणी रांग लावून उभं नाहीये, ते हेली पुढच्या महिन्यात पण त्याच्या कपाटावरच असणार.

मडगाववाला खोटं बोलत नाहीये हे पण सांगतो. मोठं हेली खरंच स्टेबल असतं. पाती लांब, वजन जास्त, त्यामुळे स्टिक हलवली की ते जरा सावकाश ऐकतं, वाऱ्याची झुळूक आली तरी जागचं फारसं हलत नाही, आणि लांब गेलं तरी नाक कुठं शेपटी कुठं ते नीट दिसतं. ज्याला उडवता येतं तो तुला हेच सांगणार की मोठं सोपं. पण भाऊ, सोपं ते हवेत असेपर्यंत. तू नवीन आहेस म्हणजे पाडणार, सगळेच पाडतात, त्यामुळे पहिल्या हेलीची साइज ठरवताना एवढंच बघायचं की पडल्यावर काय होतं, किती खर्च येतो आणि किती दिवस ते टेबलावर पडून राहतं.

६०० म्हणजे काय ते जरा डोळ्यासमोर आण. एकेक पातं ६०० मिलिमीटर म्हणजे दोन फूट, मधला हब धरून रोटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या गोलाचा, व्यास सव्वा मीटरच्या पुढे, वजन तीन किलोच्या वर. आता मिनिटाला २००० फेरे धर, या साइजला ते नॉर्मलच आहेत, आणि मोबाइलवर हिशोब करून बघ, पात्याचं टोक ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास फिरतंय. पातं बहुतेक कार्बन फायबरचं. २०१३ मधे न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या एका पार्कात १९ वर्षांचा मुलगा स्वतःचंच हेली डोक्याला लागून जागच्या जागी गेला, ते हेली याच्याहून थोडंच मोठं होतं आणि तो मुलगा काही नवशिका नव्हता. घाबरवायला सांगत नाहीये, पण फर्मागुढीला सकाळी किती लोक चालायला येतात ते तुलाच माहीत, तिथं तू एकटा, शेजारी शिकवणारा कोणी नाही आणि हातात तीन किलोचा फिरता कोयता, हे मला काही पटत नाही.

आणि पैशांचं बघ. अठ्ठावीसात रिमोट आणि चार्जर येतो म्हणालास, बॅटरीचं काही लिहिलं नाहीस. ६०० ला सहा सेलची नाहीतर थेट बारा सेलची लायपो बॅटरी लागते, आणि कपाटात दोन पावसाळे काढलेली लायपो फुगलेली निघायची शक्यता बरीच, म्हणजे उरलेले दोन हजार बॅटरीलासुद्धा पुरणार नाहीत. त्यात पहिल्याच आपटीत पाती गेली, मेन शाफ्ट वाकला, पाती धरणारा फेदरिंग शाफ्ट वाकला, पातं खाली येऊन टेल बूमला म्हणजे शेपटीच्या दांड्याला लागलं म्हणजे बूम गेला, मेन गिअरचे दात गेले, एखाद्या सर्व्होचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या बारक्या मोटरचे) पण गेले. हे सगळं एकाच वेळी जातं, एकेक करून नाही. आणि नवं बसवून झालं की सगळं परत ॲडजस्ट करायचं, ते तुला कोण करून देणार? तोपर्यंत उत्साह संपलेला असतो, अशी टेबलावर पडलेली हेली मी बरीच बघितलीत.

आता तुझा ऑफिसवाला मित्र. तो जे म्हणतो ते पंधरा-एक वर्षांपूर्वी बरोबरच होतं. तेव्हा लहान हेली म्हणजे नुसती खेळणी होती आणि खरं हेली शिकायचं तर त्यातल्या त्यात परवडणारं म्हणजे ४५०, स्वस्तातले कॉपी पार्ट सगळीकडे मिळायचे म्हणून सगळे तिथूनच सुरू करायचे. आता तसं राहिलं नाही. बाय द वे तो ४५० आकडा पण फसवाच आहे, ६०० चं पातं खरंच ६०० मिलिमीटर असतं पण ४५० चं असतं ३२५, त्यामुळे नुसता नंबर बघून कोण कुणापेक्षा किती मोठं ते ठरवू नकोस, विकणाऱ्याला पात्याची लांबी विचार. ४५० छोटं वाटतं तरी वजन पाऊण-एक किलो आणि फेरे मिनिटाला २५००-३००० कडे, टोकाचा वेग तिथंही ताशी ३०० च्या वरच जातो. हात कापायला तेवढं पुरे. शिवाय ४५० डब्यातून काढलं आणि उडवलं असं होत नाही, स्वॉशप्लेट म्हणजे पात्यांचा कोन हलवणारी चकती लेव्हल करायची, पिच गेजनं पात्यांचे कोन मोजायचे, दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतायत का बघायचं, गायरो म्हणजे हेलीला सांभाळणारा सेन्सर सेट करायचा, यातलं एक चुकलं तरी हेली जमिनीवरूनच थरथरायला लागतं आणि नवीन माणसाला कळतच नाही की चूक आपल्या बोटांची की सेटिंगची. तुला कोणी बाजूला बसून दाखवणारा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

मग घ्यायचं काय? लहान. खरंच लहान, रोटर वीतभराहून थोडा मोठा, वजन शंभर ग्रॅमच्या आत, पण फेरीतल्यासारखं दोन पंख्यांचं नको, एकच मेन रोटर आणि मागे उभा टेल रोटर असलेलं, चार चॅनेल म्हणजे रिमोटवरून चार वेगळ्या हालचाली, फिक्स्ड पिच (ते काय ते खाली सांगतो), आत सिक्स ॲक्सिस गायरो. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११एस हे यातलं सगळ्यांच्या ओळखीचं, त्याच जातीची अजून दोन-चार आहेत, ज्याचे पार्ट इथं मिळतील ते घे.

फेरीतलं ते मस्त उडायचं म्हणालास ना, त्याचं कारण सांगतो म्हणजे हे का घ्यायचं ते कळेल. त्याला एकावर एक दोन रोटर, दोघं उलट दिशेनं फिरतात, एकाचा टॉर्क दुसरा कापतो, त्यामुळे बॉडी फिरत नाही आणि हेली जागच्या जागी झुंबरासारखं लटकून राहतं. मागचा तो बारका आडवा पंखा फक्त नाक खाली-वर करतो, पुढं-मागं जाण्यापुरता. डावीकडे-उजवीकडे सरकणं त्याला येतच नाही. म्हणजे तू त्यावर जे शिकलास ते थ्रॉटल, म्हणजे वर-खाली करणं, बाकी खरी कला राहूनच गेली. आणि त्यातले बरेच रिमोट इन्फ्रारेडचे, उन्हात नेलं की सिग्नलच जात नाही.

एका रोटरचं हेली तसं लटकून राहत नाही. ते सतत कुठंतरी निसटायला बघतं आणि तू उजव्या अंगठ्यानं ते सतत परत आणत राहायचं, डाव्या अंगठ्यानं उंची आणि नाक. सिक्स ॲक्सिस गायरो थोडं सांभाळून घेतो, म्हणजे स्टिक सोडलीस तर ते आपलं आपण सरळ होतं, पण वाहत जायचं ते जातंच. हे जे रोखणं आहे ना तेच शिकायचं, पुढं सहा फुटी हेली घेतलंस तरी हेच लागणार. फिक्स्ड पिच म्हणजे पात्याचा कोन ठरलेला, वर जायचं तर रोटर जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. कलेक्टिव्ह पिचमधे रोटर एकाच वेगानं फिरतो आणि पात्याचा कोन बदलतो, कोन उलटा करून हेली उलटं पण उडवतात, यूट्यूबवर जे बघून तू वेडा झालायस ते सगळं हेच. ते पहिल्याच दिवशी नको. चार महिन्यांनी हात बसला की एक्सकेचं के११० किंवा ओएमपीचं एम१ बघ, दोन्ही कलेक्टिव्ह पिचची आणि दोन्ही टिफिनच्या पिशवीत मावतील एवढी.

काही नवीन मॉडेलांमधे अल्टिट्यूड होल्ड येतो, उंची तेच सांभाळतं. दुकानदार ते फार कौतुकानं दाखवतो. मला स्वतःला शिकताना ते आवडत नाही, डावा अंगठा आळशी होतो, घेतलंच तर बंद करता येतं का ते विचारून घे.

हलकं घेतलं की पडल्यावर काय होतं ते पण सांगतो. कंबरेएवढ्या उंचीवरून गवतात पडलं तर बहुतेक वेळा काहीच नाही, उचलायचं, पाती बघायची, परत उडवायचं. हीच तर गंमत, संध्याकाळभरात वीस वेळा पाडलं तरी वीस वेळा परत उडतं, ६०० एकदा पाडलंस की महिना गेला. फक्त आपटायच्या आधी थ्रॉटल शून्यावर आणायची सवय लाव, रिमोटला थ्रॉटल होल्डचं बटण असेल तर ते. रोटर फिरत असताना दगडाला लागलं तर मोडतं, बंद होऊन पडलं तर वाचतं. नवीन माणूस नेमकं उलट करतो, पडतंय दिसलं की घाबरून थ्रॉटल वर देतो, मग पाती जातात, शाफ्ट वाकतो आणि टेल मोटर जळते. टेल मोटर तशीही या साइजची नाजूक जागा, आज ना उद्या जाणारच.

म्हणून हेलीबरोबरच पात्यांचे दोन-तीन सेट, टेल रोटर, मेन शाफ्ट, मेन गिअर, एक टेल मोटर आणि जास्तीच्या तीन-चार बॅटऱ्या असं एकदमच मागव. एवढं घेऊन पण तुझ्या तिसातले अर्ध्याहून जास्त शिल्लक राहायला हवेत. आणि जे काय घेशील ते भारतातल्या दुकानाकडून घे, स्वस्त दिसलं म्हणून चीनमधून डायरेक्ट मागवू नकोस. २०२२ च्या फेब्रुवारीत तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आलीय आणि रिमोटनं उडणारी वस्तू दिसली की कस्टममधे पार्सल अडकायची भीती असते, मग ड्रोन नाही हो, हेली आहे, हे समजावत बसायचं.

लहानाचा एक मोठा तोटा आहे तो लपवत नाही. वारा. पन्नास-साठ ग्रॅमची वस्तू, झुळूक आली की गेली. आणि आपल्याकडे दहा-अकरा वाजले की समुद्रावरून वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही, त्यामुळे मिरामार विसर. तिथं वारा आहे, माणसं आहेत, आणि वरून रेती. रेतीतले काळे कण मोटरच्या मॅग्नेटला जाऊन चिकटतात आणि खारट हवा बेअरिंग खाते, एकदा आत गेलेली ती बारीक रेती ब्रशनं पण निघत नाही. फर्मागुढी बरं, पण पहाटे. साडेसहा ते आठ, वारा नसतो आणि उजेड पण असतो. लोकांचा चालायचा ट्रॅक सोडून लांबच्या कोपऱ्यात जा, आणि उघड्या चिऱ्याच्या जमिनीपेक्षा गवत शोध.

त्याहून भारी जागा म्हणजे शेत. सरद म्हणजे पावसाळी भात कापून झालं की ज्या शेतांत वायंगण म्हणजे त्यानंतरचं दुसरं पीक लावत नाहीत ती मे पर्यंत मोकळी असतात, माती मऊ, गवत खुंटलेलं, पडलं तरी काही होत नाही. मालकाला विचारून जा म्हणजे झालं. मेरेवरच्या म्हणजे बांधावरच्या माडांपासून मात्र लांब राहा, शेंड्यात अडकलं तर ते काढायला पाडेली शोधावा लागेल, आणि हल्ली नारळ पाडायलाच पाडेली मिळत नाही तर तुझ्या हेलीसाठी कोण चढणार.

घरात उडवायचं नाही हे आईचं म्हणणं ६०० साठी शंभर टक्के बरोबर. या बारक्यासाठी थोडी सूट मिळते का बघ, हॉलमधे पंखा बंद करून, देव्हारा आणि शोकेस सोडून. नाही म्हणाली तर नाही, वाद घालू नकोस, एखाद्या सभागृहवाल्याला विचार, दुपारी रिकामेच असतात.

तसं पण आता पाऊस आहे, चवथ होऊन दिवाळीपर्यंत बाहेर नीट उडवायला मिळणार नाही. हे दोन महिने सिम्युलेटरवर घालव. रिअलफ्लाइट आहे, हेली-एक्स आहे, नेक्स्ट आहे, खरा रिमोट यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा आणि स्क्रीनवर हवं तेवढं पाडायचं, फुकटात. रोज वीस मिनिटं बस, रविवारी एकदम तीन तास बसलास तर काही उपयोग नाही, बोटांना रोजची सवय लागते. पहिल्यांदा शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी धरून ठेवायचं, ते कंटाळा येईपर्यंत, खरंच कंटाळा येईपर्यंत. मग हेली आडवं, आधी डावी बाजू मग उजवी. शेवटी नाक आपल्याकडे. इथं सगळ्यांचं डोकं फिरतं कारण नाक तुझ्याकडे असलं की उजवी स्टिक उजवीकडे दिलीस तर हेली तुझ्या डावीकडे जातं, पुढे दिलीस तर सरळ तुझ्या अंगावर येतं. एक गोष्ट सांभाळ, नजर कायम नाकावर. शेपटीकडे बघून रडर देणारे, म्हणजे नाक वळवायची स्टिक हलवणारे लोक चुकतात कारण नाक डावीकडे वळताना शेपटी उजवीकडे जाते. नाक जिकडे न्यायचं तिकडे स्टिक, बस.

कायद्याचं थोडक्यात. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं ते नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो, त्यावर २५ किलोपर्यंत स्मॉल. म्हणजे व्ही९११एस, के११०, एम१ सगळी नॅनोच्या आत आणि मडगावचं ६०० थेट स्मॉलमधे, साइज निवडताना हे पण हिशोबात धर. जागेचं म्हणशील तर चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन, म्हणजे परवानगी न लागणारा भाग, येत नाही, ८ ते १२ च्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंतच ग्रीन. आपल्याकडे दाबोळी आहेच, तिथं नेव्ही पण, आणि २०२३ पासून मोपा सुरू झालाय, त्यामुळे वास्को-चिखली-बोगमाळो आणि पेडण्याकडचा बराच भाग सोडूनच द्यायचा. फोंडा दाबोळीपासून बरंच आत आहे म्हणून तुझं काम सोपं. पण ड्यूटी सुटल्यावर वेर्ण्याच्या पठारावर उडवीन असं डोक्यात असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा उघडून बघ, वेर्णा त्या पट्ट्याच्या आसपासच येतं.

बॅटरीचं एकच, वेर्ण्याला पार्किंगमधे उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत लायपो ठेवून कामाला जाऊ नकोस, फुगते, कधी पेटते पण. फुल चार्ज करून आठवडाभर ठेवायची पण नाही, ठेवायची तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, आणि चार्ज होत असताना झोपायला जायचं नाही.

आता मडगाववाला. त्याला रविवारी फोन कर आणि सांग की हेली नको, पण रिमोट आणि चार्जर सुटा देतोस का. रिमोट ही एकच वस्तू आहे जी पहिल्या हेलीपासून शेवटच्या हेलीपर्यंत टिकते आणि सिम्युलेटरला पण चालते. जाऊन हातात घेऊन बघ, मोड २ आहे का, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला, आपल्याकडे बहुतेक लोक तेच वापरतात. लांब ॲंटेनाचा जुना मेगाहर्ट्झवाला असेल तर फुकट दिला तरी नको. रेडिओमास्टरचा वगैरे मल्टिप्रोटोकॉलवाला, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची हेली चालवणारा, निघाला तर लॉटरीच, फोर-इन-वन मॉड्यूल असेल तर व्ही९११एस आणि के११० दोन्ही त्यावर बाइंड होतात म्हणजे जोडली जातात, फ्युटाबा कंपनीचा एसएफएचएसएस सिग्नलवाला असेल तर के११० होतं, व्ही९११एस नाही. यातलं काहीच नसेल तर हेलीबरोबर डब्यात येणारा रिमोट वापर, पुढचं पुढे. सुटं द्यायला तो तयार नसेल तर राहू दे, नंबर मात्र ठेवून घे आणि तो कुठं उडवतो ते विचार, एका सकाळी जाऊन बाजूला उभा राहून बघ. टेल मोटर बदलायला सोल्डरिंग लागतं, ते त्याला येत असणार.